उडालं नाही त्या विमानाचे पैसे

आजचा विषय रुक्ष आहे, हे आधीच सांगून टाकतो. सरकारनं उड्डाणं बंद केली, म्हणून तुमचं विमान रद्द झालं. त्यात तुमचा दोष नाही आणि विमान कंपनीचाही नाही. मग तिकिटाचे पैसे कुणाचे? एवढाच प्रश्न आहे. पण २०२० साली या प्रश्नानं लाखो लोकांना घोळवलं, आणि अजूनही कुठे तणाव वाढला, विमानतळ बंद झाले की तोच घोळ पुन्हा सुरू होतो.

निवृत्तीनंतर मी आमच्या पलटणीतल्या जुन्या जवानांना आणि त्यांच्या घरच्यांना अर्ज लिहून देतो. पेन्शनची थकबाकी, नावातली चूक, असले अर्ज. २०२० च्या उन्हाळ्यात त्यात विमानाच्या रिफंडाची भर पडली. त्यामुळे नियम वाचावे लागले. मी वकील नाही; पण लेखी हुकूम वाचण्यात आयुष्य गेलेलं आहे, आणि ही कागदपत्रंही तशीच वाचायची असतात. कोणाला लागू, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत.

सुरुवातीलाच दोन शब्द वेगळे करू, कारण निम्मी भांडणं इथेच हरली जातात. परतावा वेगळा आणि नुकसानभरपाई वेगळी. माझा मनस्ताप झाला, हॉटेलचे पैसे गेले, लग्न चुकलं, त्याबद्दल काही द्या, ही झाली नुकसानभरपाई. युद्ध, नैसर्गिक आपत्ती किंवा सरकारी आदेशामुळे विमान रद्द झालं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या म्हणजे डीजीसीएच्या नियमांत कंपनीला ती द्यावी लागत नाही. परतावा म्हणजे मी दिलेले पैसे परत. ते देण्यातून सरकारी आदेश कंपनीला सोडवत नाही. काउंटरवरचा मुलगा पहिल्याचा नियम दुसऱ्याला लावून सांगतो, "सर, गव्हर्न्मेंट ऑर्डर आहे, आमच्या हातात नाही." तो खोटं बोलतो असं नाही, त्याला तेवढंच शिकवलेलं असतं. तुम्ही शांतपणे म्हणायचं, "बाळा, भरपाई मागतच नाही मी. माझे पैसे मागतोय."

यामागचं तत्त्व जुनं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम ५६ सांगतं की करारातलं काम नंतर अशक्य किंवा बेकायदेशीर झालं तर तो करार रद्दबातल होतो. कलम ६५ सांगतं की करार असा रद्दबातल झाल्यावर ज्यानं त्यातून काही लाभ घेतला असेल त्यानं तो परत करायचा. दीडशे वर्षांपूर्वी विमानं नव्हती, पण आगाऊ पैसे घेणारे होतेच. कंपन्या तिकिटाच्या बारीक अक्षरांतल्या अटींवर बोट ठेवतात आणि वाद होतो, ते खरं. तरी आपण कुठे उभे आहोत ते ठाऊक असावं. आपण मेहरबानी मागत नसतो.

आता २०२० चं बघू. २२ मार्चपासून परदेशातून येणारी नियमित प्रवासी विमानं थांबली. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशांतर्गत उड्डाणंही थांबली, ती २५ मेपर्यंत. पहिली टाळेबंदी १४ एप्रिलपर्यंत होती. ती उठेल असं धरून कंपन्या १५ एप्रिलनंतरची तिकिटं विकत राहिल्या आणि लोक घेत राहिले. १४ एप्रिलला टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली आणि ती सगळी विमानंही रद्द झाली. कंपन्यांनी पैसे परत न देता क्रेडिट शेल दिलं. क्रेडिट शेल म्हणजे तुमची रक्कम त्यांच्या वहीत तुमच्या नावे जमा. पुढच्या प्रवासाला वापरा. लोक संतापले. १६ एप्रिलला नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची सूचना आली की टाळेबंदीच्या काळात पैसे भरून त्याच काळातल्या प्रवासाचं तिकीट घेतलं असेल आणि प्रवाशानं रिफंड मागितला, तर रद्द करण्याचं शुल्क न कापता तीन आठवड्यांत पूर्ण रक्कम द्यावी.

हुकूम नीट वाचला की त्यातली फट दिसते. टाळेबंदीत तिकीट काढणाऱ्याला संरक्षण मिळालं. पण ज्यानं शहाण्यासारखं फेब्रुवारीत, जानेवारीत तिकीट काढून ठेवलं होतं, त्याचं काय? तो बाहेरच. आणि मोठी संख्या त्यांचीच होती. उन्हाळी सुट्टी, लग्नसराई, बाळंतपणाला लेकीकडे जाणं, हे सगळं आपल्याकडे दोन-तीन महिने आधीच ठरतं.

ही फट घेऊन प्रवासी लीगल सेल ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. न्या. अशोक भूषण, न्या. सुभाष रेड्डी आणि न्या. एम. आर. शाह यांच्या खंडपीठानं १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला. टाळेबंदीत, म्हणजे २५ मार्च ते २४ मेच्या दरम्यान, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचा पूर्ण परतावा. २४ मेनंतरच्या प्रवासाला डीजीसीएचे नेहमीचे नियम. आणि बाकी सगळ्यांना, म्हणजे आपल्या फेब्रुवारीवाल्यांना, पंधरा दिवसांत पैसे देण्याचा पुरेपूर प्रयत्न करायचा. आर्थिक अडचणीमुळे जमलं नाही तर ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल असं क्रेडिट शेल द्यायचं, जे दुसऱ्याच्या नावे करता येईल आणि कोणत्याही मार्गावर चालेल.

त्यात एक गोड भागही होता, जो फार कमी लोकांनी तपासला. शेलची किंमत वाढायची होती. रद्द झाल्यापासून ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का, आणि त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत दरमहा पाऊण टक्का. समजा दहा हजारांचं तिकीट ५ एप्रिलला रद्द झालं. एप्रिल, मे, जून मिळून दीड टक्का, म्हणजे १५० रुपये. पुढचे नऊ महिने पाऊण टक्क्यानं पावणेसात टक्के, म्हणजे ६७५ रुपये. मार्चअखेर शेल १०,८२५ रुपयांचं व्हायला हवं होतं. माझ्याकडे आलेल्या काही जणांच्या खात्यात ते दहा हजारच दिसत होतं. मागितल्यावर वाढलं.

माझं या निकालाबद्दल एक मत आहे. कंपन्या बुडाल्या तर विमानसेवाच उरणार नाही, म्हणून मधला मार्ग काढला गेला, ते समजतं. पण ज्याची स्वतःची नोकरी गेली होती, त्या प्रवाशालाही त्या महिन्यांत रोख पैशाचीच गरज होती. त्याची आर्थिक अडचण कोणी विचारली नाही.

आता एजंटकडून काढलेल्या तिकिटांकडे येतो. सगळ्यात जास्त पैसे इथे अडकले.

आमच्या पलटणीतल्या एका जवानाची पत्नी, वीरनारी, सातारा जिल्ह्यातल्या. थोरली लेक चंदीगडला, बाळंतपण एप्रिलमध्ये. ताईंनी फेब्रुवारीत तालुक्याच्या गावी एका एजंटकडे रोख पैसे देऊन स्वतःचं आणि धाकटीचं पुणे ते चंदीगड तिकीट काढलं. ९,८६० रुपये. विमान रद्द झालं, बाळंतपण त्यांच्याविना झालं. वर्षभर एजंट सांगत राहिला, "कंपनीनं दिले की देतो." कंपनीच्या फोनवर सांगायचे, "एजंटशी बोला." ताईंचा मला फोन आला, "साहेब, पैसे गेले तर गेले, पण ते कुणाकडं हायेत तेवढं तरी कळू दे."

अगदी नेमका प्रश्न विचारला त्यांनी. आपण एजंटला पैसे देतो, पण एजंट कंपनीला आपल्या नावानं पैसे पाठवत नाही. त्यानं कंपनीकडे आगाऊ रक्कम भरून ठेवलेली असते, त्या खात्यातून तिकिटाचे पैसे वळते होतात. परतावाही त्याच वाटेनं मागे जातो, एजंटच्या खात्यात. निकालातही हेच होतं. एजंटकडून काढलेल्या तिकिटाचं शेल ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरलं नाही, तर ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात परत. फौजेत आम्ही ‘थ्रू प्रॉपर चॅनेल’ म्हणायचो. अर्ज योग्य मार्गानं वर जातो, योग्य मार्गानं खाली येतो, आणि मधल्या एखाद्या टेबलावर निवांत झोपतो.

म्हणून आम्ही कंपनीला "पैसे द्या" असं लिहिलंच नाही. चार ओळींचा मेल लिहिला. या पीएनआरचा परतावा तुम्ही दिला का, कोणत्या तारखेला, किती रक्कम, आणि व्यवहार क्रमांक काय? असं विचारलं की कंपनीला उत्तर देणं सोपं जातं, कारण त्यात तिचाच बचाव असतो. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. रक्कम एप्रिलमध्येच एजंटच्या खात्यात गेलेली होती. त्या उत्तराची प्रत जोडून एजंटला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. आठवड्यात त्यानं पैसे दिले, दोनशे रुपये सेवाशुल्क म्हणून कापून. ताईंनी ते सोडून दिले. मी सोडले नसते, पण त्यांना त्याच गावात राहायचं आहे.

डीजीसीएच्या परतावा नियमात त्या वेळीही स्पष्ट लिहिलेलं होतं की एजंट किंवा पोर्टलकडून काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी आहे. आणि पैसे क्रेडिट शेलमध्ये ठेवायचे की नाही हा प्रवाशाचा अधिकार. कंपनीनं ते परस्पर करायचं नाही. ही दोन वाक्यं मी प्रत्येक अर्जात घालतो.

पोर्टल मोठं असलं म्हणून सुटका नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं एका बड्या ऑनलाइन प्रवास कंपनीबद्दल जून २०२४ मध्ये आदेश दिला. २०२१ मध्ये तिच्याकडे टाळेबंदीतल्या ३६,२७६ बुकिंगचे सव्वीस कोटींहून जास्त रुपये थकले होते. सुनावण्यांमागून सुनावण्या झाल्यावर जून २०२४ मध्ये ४,८३७ बुकिंगचे अडीच कोटी उरले. म्हणजे चार वर्षांनंतरही. प्राधिकरणानं शेवटी सांगितलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पाच माणसं बसवा आणि राहिलेल्या प्रवाशांना तुम्ही फोन करून कळवा.

आता पुढच्या वेळेचं बोलू. निर्बंध लागले की पहिला प्रश्न स्वतःला विचारा: माझं विमान उडणार आहे की नाही? मी जाऊ शकेन की नाही, हा दुसरा प्रश्न. परताव्याचा सगळा निकाल पहिल्यावर लागतो.

उदाहरण देतो. जुलै २०२० मध्ये पश्चिम बंगाल सरकारनं सहा शहरांतून कोलकात्याला येणारी विमानं थांबवली. त्यात मुंबई, पुणे आणि नागपूर ही आपली तिन्ही होती. विमान उडालंच नाही, कंपनीनं रद्द केलं, परताव्याचा हक्क आला. त्याआधी मेअखेरीस कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण सक्तीचं केलं होतं. बंगळुरूच्या कित्येक मराठी घरांतले आईवडील ते ऐकून निघालेच नाहीत. पण ज्यांचं विमान उडालं, त्यांच्या बाबतीत कंपनी म्हणणार, आम्ही तयार होतो, तुम्ही आला नाहीत. तिथे तिकिटाच्या अटी लागू होतात. तरीही विमानतळाचं वापरशुल्क आणि सरकारी कर, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी, परत मिळतात. तेवढे तरी मागा. बहुतेक लोक मागत नाहीत.

म्हणून घाईनं स्वतः तिकीट रद्द करू नका. बातमी ऐकून घाबरून तुम्ही बटण दाबलंत, तर नोंद होते ‘प्रवाशानं रद्द केलं’ आणि शुल्क कापलं जातं. त्याच विमानाला कंपनीनं दुसऱ्या दिवशी रद्द केलं, तर शेजारच्या सीटवाल्याला पूर्ण पैसे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीला बंद झाले. श्रीनगर, जम्मू, लेह, अमृतसर, जोधपूर, भुज वगैरे. बंदीची तारीख आधी १० मे होती, मग १५ मे झाली आणि प्रत्यक्षात १२ मेलाच विमानतळ उघडले. तारखा अशा हलतात. कंपन्या अशा वेळी शुल्कमाफी जाहीर करतात, पण तिलाही कक्षा असते: अमुक तारखेआधी काढलेलं, अमुक तारखेपर्यंतच्या प्रवासाचं तिकीट. तुमचं त्यात बसतं का ते पाहा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ती पानं नंतर नाहीशी होतात. रद्द झाल्याचा मेसेजही पुसू नका. आणि त्या मेसेजमध्ये ‘नवी वेळ स्वीकारा’ किंवा ‘क्रेडिट स्वीकारा’ अशी लिंक असली, तर पैसे हवे असणाऱ्यानं तिला हात लावायचा नाही.

क्रेडिट म्हणजे पैसे नव्हेत, हे मी पुन्हा सांगतो. ३ मे २०२३ ला गो फर्स्टची विमानं थांबली. आधी दिवाळखोरीची प्रक्रिया, आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनी लिक्विडेशनमध्ये. अशा वेळी तिच्याकडे ज्याचे पैसे राहिले, तो बँकांच्या मागे, रांगेच्या शेवटी उभा असतो. तुम्ही महिन्याभरात नक्की प्रवास करणार असाल तर क्रेडिट घ्या. नाहीतर पैसे.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी थोडं. युरोपीय संघातून निघणारं कोणतंही विमान आणि तिथल्या कंपनीचं तिकडे जाणारं विमान, यांना त्यांचा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. कारण काहीही असो, सात दिवसांत परतावा. व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सही हवी. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या वाहतूक खात्यानं सहा विमान कंपन्यांवर कारवाई केली. त्यात आपली एअर इंडियाही होती: १२ कोटी १५ लाख डॉलरचे परतावे आणि वर १४ लाख डॉलरचा दंड. खात्याकडे आलेल्या सुमारे १,९०० तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक परताव्यांना शंभरपेक्षा जास्त दिवस लागले होते. ते प्रकरण कंपनी सरकारी मालकीची होती तेव्हाच्या काळातलं. लक्षात घ्या, अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना तिथला नियम लागतो. मुंबई ते नेवार्क तिकीट पुण्यात बसून काढलं तरी. त्यामुळे अशा तिकिटासाठी तक्रार त्या खात्याच्या संकेतस्थळावरही करता येते.

आता अर्ज. एका पानाचा. पीएनआर, प्रवासाची तारीख, भरलेली रक्कम, कशानं भरली, कंपनीनं कोणत्या दिवशी रद्द केलं. मागणी एका वाक्यात: क्रेडिट नको, मूळ खात्यात पूर्ण परतावा हवा. उत्तराची मुदत द्या. तुमची सून किती रडली ते लिहू नका. वाचणाऱ्याला त्यातून पीएनआर शोधावा लागतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, मग नोडल अधिकाऱ्याला. तिथे हललं नाही तर मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल, किंवा १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. क्रेडिट कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून चार्जबॅक मागता येतो. त्याची मुदत लहान असते, तेव्हा लगेच विचारा.

एवढ्यानं झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं एक मोठी सोय केली आहे. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी इंदूरच्या माणसानं इंदुरात, बडोद्याच्या माणसानं बडोद्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षं. २०२० च्या पैशांसाठी ती आता उलटून गेली आहे. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण उशिराचं कारण आयोगाला पटावं लागतं. दरम्यानच्या काळात कंपनीचे किंवा एजंटचे "देतो, देतो" असे मेल असतील तर ते शोधून जोडा.

आणि एक राहिलंच. कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून मिळेल त्या पहिल्या क्रमांकावर लावू नका. निर्बंधांच्या दिवसांत भामटे असे खोटे नंबर पेरून ठेवतात, आणि रिफंडासाठी एखादं अ‍ॅप टाकायला, यूपीआयचा पिन घालायला सांगतात. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. नंबर तिकिटावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा घ्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये तो आजच नोंदवून ठेवा.